गाठी मोजणाऱ्यांचा न्याय

गालिच्यांच्या व्यापारात एक मोजपट्टी सर्वमान्य होऊन बसली आहे. गालिचा उलटा करावयाचा, त्याच्या पाठीवर इंचपट्टी ठेवावयाची, एका चौरस इंचात किती गाठी भरतात ते मोजावयाचे आणि आलेल्या आकड्यावरून कलेची प्रतवारी ठरवावयाची. या न्यायाने काशान, तब्रीज, इस्फहान येथील शहरी कारखान्यांचे गालिचे पहिल्या पंक्तीला बसतात. आणि खुरासानच्या व पश्चिम अफगाणिस्तानच्या रुक्ष माळांवर भटक्या टोळ्यांतील बायकांनी विणलेला बलुची नमाजाचा गालिचा शेवटच्या पंक्तीत, अगदी दाराजवळ, बसविला जातो. ‘जाडाभरडा’, ‘काळोखा’, ‘गरिबांचा गालिचा’ ही विशेषणे त्याच्या पानात वाढली जातात ती वेगळीच. हा न्याय नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते केवळ मत म्हणून न सांगता कारणांसह मांडावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

देवळाच्या प्राकारात वाढलेल्या माणसाचा नमाजाच्या गालिच्याशी काय संबंध, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकी कोणी केला तर तो गैर म्हणता येणार नाही. पण उपासनेपूर्वी भूमीचा एक तुकडा इतर भूमीपासून वेगळा करावा, तेवढ्या वेळेपुरता तो पवित्र मानावा आणि मग त्यावर परमेश्वराचे स्मरण करावे, ही भावना आपल्याला अपरिचित आहे काय? भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात साधकाने शुद्ध जागी दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र यांचे आसन घालावे असे सांगितले आहे. नमाजालाही गालिचा अनिवार्य नाही. जागा स्वच्छ असली आणि तोंड मक्केच्या दिशेस असले म्हणजे झाले. अनिवार्य नसताना जी वस्तू माणूस श्रमपूर्वक निर्माण करतो, तिच्यातच त्याच्या श्रद्धेचे आणि रसिकतेचे खरे माप सापडते. देवळातील जुनी समई केवळ पितळेच्या वजनावर मोडीत घालणाऱ्यास आपण काय म्हणतो? मग उपासनेचे आसन गाठींच्या आकड्यावर विकणाऱ्यास वेगळा शब्द कशाला हवा?

प्रथम नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. ‘बलुची’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्वेट्टा आणि कलातचा मुलूख येतो. वस्तुतः बाजार ज्यांना बलुची गालिचे म्हणतो ते बहुतांशी इराणच्या ईशान्येकडील खुरासान प्रांतात, म्हणजे मशहद, निशापूर आणि तुर्बत-ए-हैदरिया यांच्या आसपास, त्याच्या दक्षिणेस सीस्तानात, आणि सरहद्दीपलीकडे अफगाणिस्तानातील हेरात व फराह या भागांत विणले गेले. खुद्द बलुचिस्तानात लव असलेल्या गालिच्यापेक्षा सपाट विणीचीच परंपरा अधिक. शिवाय विणणाऱ्या सगळ्याच बलुच होत्या असेही नाही. तैमुरी, बहलुली आदी टोळ्यांची आणि शेजारी राहणाऱ्या कुर्द व अरब घराण्यांची वीणही याच नावाखाली विकली गेली. व्यापाऱ्याला सोयीची एक चिठ्ठी हवी होती. ती त्याने सर्वांना डकविली. ज्याचे नावगाव आपण नीट विचारलेसुद्धा नाही, त्याची पायरी ठरवावयास निघण्याचा हा उतावळेपणा आहे.

आता वस्तूकडे वळू. नमाजाचा बलुची गालिचा सामान्यतः अडीच-तीन फूट रुंद आणि चार-साडेचार फूट लांब असतो. म्हणजे एका माणसाला उभे राहण्यास, गुडघे टेकण्यास आणि कपाळ भूमीला लावण्यास पुरेल एवढाच. मशिदीच्या भिंतीत मक्केची दिशा दाखविणारा जो कोनाडा असतो, त्यास मेहराब म्हणतात. तंबूत राहणाऱ्याला भिंत कोठली आणि मेहराब कोठला? म्हणून त्याने तो कोनाडा विणून घेतला. तळ कोठेही पडो, खुरासानच्या माळावर गालिचा नैर्ऋत्येकडे तोंड करून पसरला की तेथे मशीद उभी राहिली. इतर देशांतील विणकरांनी ही कमान टोकदार किंवा वळणदार काढली. बलुची कमान चौकोनी असते. मैदानाची कड सरळ वर चढते, काटकोनात आत वळते, पुन्हा काटकोनात वर जाते आणि माथ्यावर आडव्या रेषेत मिटते. दुरून पाहिल्यास माणसाचे डोके आणि दोन खांदे यांची आकृती दिसावी तशी ती दिसते. कमानीच्या दोन अंगांना दोन चौकोन उरतात. नमाज पढताना तळहात टेकतात ते याच बाजूंना, म्हणून काही अभ्यासक त्यांना हातांचे चौकोन म्हणतात. मैदान पुष्कळदा उंटाच्या रंगाचे, आणि त्यावर एक झाड: मध्यभागी सरळ खोड, दोन्ही बाजूंना मोजक्या फांद्या, आणि प्रत्येक फांदीवर गडद निळ्या-लाल रंगांची कोनाकृती पाने.

हे सारे ज्या मागावर उतरते तो माग जमिनीला समांतर असतो. जमिनीत चार खुंट्या ठोकावयाच्या, त्यांना दोन दांडे बांधावयाचे आणि दांड्यांमध्ये लोकरीचा ताणा ताणावयाचा. टोळी हलली की खुंट्या उपटावयाच्या, अर्धा विणलेला गालिचा दांड्यांसह गुंडाळून जनावराच्या पाठीवर टाकावयाचा आणि पुढच्या मुक्कामी तो पुन्हा ताणावयाचा. नवा ताण जुन्या ताणाशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून अशा गालिच्याची एक बाजू कोठे थोडी आत येते, कोठे थोडी बाहेर जाते. पारखी म्हणविणारे याला दोष म्हणतात. आम्ही याला प्रवासाची नोंद म्हणतो. लोकरीचा धागा ताण्याच्या एका धाग्याभोवती पुरता फिरवून शेजारच्या धाग्याच्या केवळ पाठीमागून काढावयाचा, कापावयाचा, आणि ओळ पुरी झाली की बाणा घालून जड फणीने ठोकून बसवावयाची, अशी ही वीण. चौरस इंचाला साठ-सत्तरपासून शंभर-सव्वाशेपर्यंत गाठी भरतात. इंचाला ऐंशी गाठी धरल्या तरी तीन फूट रुंद व साडेचार फूट लांब अशा गालिच्यात दीड लाखांवर गाठी होतात. मुले, मेंढरे, पाणी, सरपण आणि चूल सांभाळून त्या कोणा बाईने घातल्या, आणि तिचे नाव कोठेही लिहिलेले नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. तो म्हणतो, “श्रम मान्य, पण बारीक वीण ती श्रेष्ठ, जाडी वीण ती कनिष्ठ, हे तर उघड आहे.” मुळीच उघड नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबीलचा सुप्रसिद्ध गालिचा आहे. त्यावर हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४० हे वर्ष विणलेले आहे. त्याचा ताणाबाणा रेशमी, आणि गाठी चौरस इंचाला सुमारे ३४०. तेथे एवढी दाटी का लागली? कारण त्या आकृतीत वेलींची अखंड वळणे आहेत, आणि चौकोनी घरांच्या जाळीवर गोल वळण काढावयाचे तर घरे बारीकच हवीत. बलुची आकृती सरळ रेषा, काटकोन आणि पायऱ्यापायऱ्यांची तिरपी रेघ यांनी बांधलेली असते. तिला ऐंशी गाठी पुरतात. तिथे साडेतीनशे घातल्या तर झाड अधिक चांगले होणार नाही, गालिचा मात्र दमडीच्या कामाला रुपयाची मजुरी लागल्यासारखा होईल. गाठींची दाटी हे साधन आहे, आणि साधनाचे माप साध्यावरून ठरते. शेणाने सारवलेल्या अंगणात पांढऱ्या रांगोळीने काढलेले कमळ आणि भिंतीवर कुंचल्याने रंगविलेले कमळ यांत रेघांची संख्या मोजून निवाडा करणाऱ्यास कोणी रसिक म्हणेल काय?

दुसरा आक्षेप रंगांविषयी. “हे गालिचे काळोखे असतात,” असे सांगितले जाते. येथे पाहणाऱ्याची घाई आड येते. बलुची विणकरीण चारच मुख्य रंगांशी संसार करते: काळसर निळा, गडद लाल, तपकिरी-काळा आणि उंटाचा रंग. निळा निळीचा, आणि नीळ हा आपल्या देशातून इराणात जाणारा जुना माल, इतका की फारसीतील ‘नील’ हा शब्दही संस्कृतातूनच गेला आहे. लाल मंजिष्ठेच्या मुळांचा. तपकिरी छटांसाठी अक्रोडाची टरफले व डाळिंबाची साल, आणि काळेपणा आणण्यासाठी लोहक्षार. पांढरी लोकर ती हात राखून, दागिन्यातील मोत्यासारखी, कोठे किनारीत तर कोठे फुलाच्या गाभ्यात वापरते. उन्हातून देवळाच्या गाभाऱ्यात शिरताच पहिल्या क्षणी काही दिसत नाही; डोळा स्थिरावला की समईच्या उजेडात पाषाणाची मूर्ती हळूहळू उमटते. तसेच या गालिच्याचे आहे. तो उजेडात हलवून पाहा: ज्याला काळा समजलो होतो तो निळा निघतो, निळ्याशेजारी वांगी रंगाची छटा उजळते, आणि उत्तम लोकरीची झळाळी लवेच्या कलाप्रमाणे फिरते. जो पाच क्षण थांबत नाही त्याला काळोखच दिसावयाचा. त्याचा दोष गालिच्याच्या माथी मारणे हा अन्याय होय.

लोहक्षाराने रंगविलेली तपकिरी-काळी लोकर कालांतराने खात जाते आणि खाली बसते. शेजारचा लाल व निळा मात्र ताठ उभा राहतो. त्यामुळे जुन्या गालिच्यात आकृती कोरीव कामासारखी वर उठून आलेली दिसते. हे रंगाच्या रसायनाचे कार्य आहे. तरीसुद्धा अडाणी विक्रेता त्याला झीज म्हणून भाव पाडतो, आणि कावेबाज विक्रेता तेच प्राचीनत्वाचे प्रमाणपत्र म्हणून भाव चढवितो. दोघेही वस्तूकडे पाहत नाहीत; दोघेही गिऱ्हाइकाच्या खिशाकडे पाहतात.

तिसरा आक्षेप उसनवारीचा. शेजारच्या तुर्कमान टोळ्यांची अष्टकोनी पदके बलुची गालिच्यात दिसतात, इराणी शहरांतील वेलींची सोपी रूपेही दिसतात. तेव्हा यांचे स्वतःचे असे काय, असे विचारले जाते. शेजार असला की देवाणघेवाण व्हावयाचीच. ज्या भाषेत दप्तर, सतरंजी आणि खुद्द गालिचा हे शब्द सुखाने नांदतात, ती भाषा बोलणाऱ्यांनी तरी उसन्या शब्दावरून भाषेचा वंश नाकारू नये. उंटरंगी मैदान, चौकोनी कमान आणि तीत उभे असलेले मोजक्या पानांचे झाड ही रचना पाहताच जाणकार बलुची विणीचे नाव घेतो. आणि गालिच्याच्या कडा पाहा. वर-खाली पदरासारखे सपाट विणलेले रुंद पट्टे, त्यांत रंगीत रेघा आणि भरतकामासारखी दिसणारी जादा धाग्यांची वेलबुट्टी. दोन्ही बाजूंना शेळीच्या काळ्या केसांनी गुंडाळलेला चपटा, मजबूत काठ. लुगड्याचा काठ-पदर पाहून ज्यांना विणकराचा गाव ओळखता येतो, त्या आमच्या भगिनींना या खुणांचे मोल वेगळे सांगावयास नको.

येथवर निंदकांचा समाचार घेतला. पण बलुची गालिच्याला निंदकांइतकाच उपद्रव भक्तांनीही दिला आहे. हा वर्ग प्रत्येक पानात गूढ अर्थ शोधतो. झाड दिसले की ते बाबिलोनचा जीवनवृक्ष, चौकोन दिसला की त्यात काही अगम्य मंत्र, रेघ वाकडी गेली की विणकरणीने ईश्वराच्या पूर्णत्वापुढे मुद्दाम राखलेली अपूर्णता! माळावर सावलीला एक झाड मिळाले तर धन्य मानणाऱ्या बाईने प्रार्थनेच्या जागी झाड विणले, यात आणखी कोणते गूढ हवे? याच मंडळींच्या तोंडी मैदान नेहमी ‘उंटाच्या लोकरीचे’ असते; प्रत्यक्षात ते पुष्कळदा मेंढीच्याच नैसर्गिक तपकिरी किंवा अक्रोडाने रंगविलेल्या लोकरीचे असते. आणि वय? या गालिच्यांवर वर्ष विणलेले फार क्वचित आढळते. आज जे जुने गालिचे म्हणून मिळतात त्यांतील बहुसंख्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि विसाव्याच्या आरंभीचे आहेत. तरी ‘दोनशे वर्षांपूर्वीचा’ म्हणून शपथेवर विकणारे विकतात आणि घेणारे घेतात. खोट्या स्तुतीने वस्तूचा मान वाढत नाही. उलट, स्तुतीचे पितळ उघडे पडले की खऱ्या गुणांवरचाही विश्वास उडतो.

आता या चुकीच्या मापाने हानी काय झाली ते पाहू. कारण केवळ शब्दाचा वाद असता तर आम्ही लेखणी उचललीच नसती. १८५६ साली इंग्लंडात पर्किनने पहिला कृत्रिम रंग तयार केला, आणि पुढच्या काही दशकांत असले स्वस्त रंग पूर्वेकडील विणकरांपर्यंत येऊन पोहोचले. कास्पियनपलीकडील रशियन रेल्वे १८८५ साली अश्काबादला आणि १८८८ साली समरकंदला पोहोचली. खुरासानचा माल युरोपच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर आला. मागणी वाढली आणि घाई वाढली. जो लाल पूर्वी मंजिष्ठेत मुरत असे तो पुडीतून येऊ लागला, आणि काही वर्षांत लवेच्या टोकांवरून उडूनही जाऊ लागला. मग भडक रंग मवाळ करण्यासाठी रसायनांत धुणे आले. त्या धुण्याने रंगाबरोबर लोकरीचा स्निग्धपणाही गेला. झिजलेले पदर ‘नीट दिसावे’ म्हणून कापले गेले, आणि ज्या खुणांवरून टोळी ओळखावयाची त्याच कातरीखाली गेल्या. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात रेझाशहाच्या राजवटीने इराणातील भटक्या टोळ्यांना सक्तीने स्थायिक केले. १९७९ साली अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या. त्यानंतर त्या भागातील मागांवर, बलुची मागांवरही, झाडांच्या जागी रणगाडे, हेलिकॉप्टरे आणि बंदुका उमटू लागल्या. हे सारे गाठी मोजण्यामुळे घडले असे आम्ही म्हणत नाही. पण जी वस्तू कनिष्ठ ठरविली गेली, तिची नोंद घेण्यास, ती जपण्यास, विणणाऱ्या म्हातारीला दोन प्रश्न विचारण्यास वेळेवर कोणी गेले नाही. आणि जेव्हा जावेसे वाटले तेव्हा सांगणारे तोंडच उरले नव्हते, एवढा आरोप या मापावर निश्चित ठेवता येतो.

हे भान अलीकडे येऊ लागले हे कबूल केले पाहिजे. १९७६ साली लंडनला डेव्हिड ब्लॅक आणि क्लाइव्ह लव्हलेस यांनी भटक्या बलुचांच्या गालिच्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९८२ साली अमेरिकेत मायकेल क्रेक्राफ्ट यांचे केवळ नमाजाच्या बलुची गालिच्यांवरील पुस्तक निघाले. त्यानंतर वीण, काठ, पदर आणि रंग यांचा बारकाईने अभ्यास करून टोळीटोळीतील भेद ठरविण्याचा प्रयत्न चालू आहे. मतभेद आहेत, आणि असावेत. पण वाद वस्तूच्या शरीरावरून चालला आहे, बाजारातील आकड्यावरून नव्हे, हीच मोठी सुधारणा.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. संग्रहालयांनी ‘बलुची, एकोणिसावे शतक’ अशी दोन शब्दांची चिठ्ठी लावून मोकळे होऊ नये. ताणा कशाचा, गाठ कोणती, काठ कसा बांधलेला, रंग कोणते आणि प्रदेश कोणता असण्याचा संभव आहे, हे लिहावे, आणि जेथे खात्री नाही तेथे नाही असे लिहावे. विक्रेत्यांनी पदर कापू नयेत, रसायनांत बुडवू नये, वयाच्या शपथा घेऊ नयेत. घेणाऱ्याने इंचपट्टी घरी ठेवून डोळे बरोबर न्यावेत. आणि ज्यांच्या घरी असा एखादा जुना गालिचा पूर्वजांच्या काळापासून असेल, त्यांनी तो पायपुसण्यासारखा उंबऱ्याशी टाकू नये. तो कोणाच्या तरी कपाळाच्या स्पर्शासाठी विणलेला आहे. धर्म कोणताही असो, कपाळ टेकण्याच्या जागेवर पायताण ठेवू नये, एवढे शिकवण्यासाठी आपल्या समाजाला कोणा कलासमीक्षकाची गरज पडू नये.

गाठी ज्याला मोजावयाच्या असतील त्याने खुशाल मोजाव्यात. त्यातून विणकराच्या श्रमाचा अंदाज येतो, आणि श्रमाचा अंदाज असणे चांगलेच. मात्र आकडा हाती आला म्हणजे कला हाती आली, अशी फुशारकी त्याने मारू नये. चार रंग, सरळ रेघा, खुंट्यांवर ताणलेला हलता माग आणि पाठीमागे संसाराची शंभर कामे, एवढ्या भांडवलावर ज्या बायकांनी देवासमोर उभे राहण्याची जागा निर्माण केली, त्यांना शेवटच्या पंक्तीत बसविणाऱ्यांनी यजमानपणाचा हक्क गमावला आहे.